बुडबुड्यांचा अडीचशे वर्षांचा हिशेब

साखर, यीस्ट आणि कोमट पाणी. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत हे तिन्ही घालायचं, झाकणाला भोक पाडून नळी बसवायची आणि तिचं दुसरं टोक माशांच्या टाकीत सोडायचं. टाकीतल्या वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड देण्याची ही सगळ्यात स्वस्त सोय. सिलिंडर, रेग्युलेटर, टायमरवर चालणारा व्हॉल्व्ह असा सेट घ्यायचा तर हजारो रुपये लागतात.

पहिल्या दिवशी हा जुगाड मस्त चालतो. मग तक्रारी सुरू होतात. बुडबुडे येत नाहीत. येतात, पण झाडं वाढत नाहीत. झाडं वाढतात, पण सकाळी मासे वर येऊन धापा टाकत असतात. अशा वेळी बहुतेक जण बाटलीत आणखी साखर आणि यीस्ट घालतात.

थोडं गणित करू. २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर साधारण १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. ५० लिटरच्या टाकीत हौशी लोक लिटरमागे ३० मिलिग्रॅमचं प्रमाण धरतात, म्हणजे एका वेळी पाण्यात फक्त दीड ग्रॅम वायू हवा. निम्मी साखर वाया गेली तरी एका बाटलीत ती टाकी तीसहून जास्त वेळा भरण्याइतका वायू आहे. मग तो जातो कुठे? हा प्रश्न बराच जुना आहे आणि त्याचं उत्तर लोकांनी तुकड्यातुकड्यांनी शोधलं.

भट्टीशेजारचं घर

जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात राहायला आला. घराशेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या बिअरच्या पिंपांवर एका जड वायूचा थर साचायचा. त्यात जळती काडी नेली की विझायची. त्या काळी या वायूला 'फिक्स्ड एअर' म्हणत. प्रीस्टलीने त्या थरात धरून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं. पाण्याला चुरचुरीत चव आली. तो सोडावॉटर होता.

पुढे त्याने घर बदललं आणि फुकटचा वायू बंद झाला. मग खडूवर सल्फ्युरिक अ‍ॅसिड टाकून त्याने तो स्वतः बनवला आणि १७७२ साली त्याची कृती छापली. बाटली, नळी, आणि मधे जनावराच्या मूत्राशयाची पिशवी. ती दाबून वायू पाण्यात ढकलायचा. आपल्या जुगाडाचा हा पणजोबा. वायू तयार करण्याचा प्रश्न इथेच सुटला होता. अडचण पुढच्या टप्प्यांची होती.

पहिला टप्पा : वायू पोचतोय का?

जॉन मर्विन नूथ नावाच्या डॉक्टरने १७७५ साली छापलेल्या निबंधात तक्रार केली की मूत्राशयामुळे पाण्याला लघवीची चव येते. प्रीस्टली चिडला आणि त्याने उलट नूथच्या नोकरावरच संशय घेतला. यंत्रात बिघाड नाही, वापरणाऱ्याचंच चुकलं असणार, हे उत्तर आमच्या ऑफिसातही रोज ऐकू येतं.

नूथने मात्र वाद घालण्यापेक्षा डिझाइन बदललं. एकावर एक बसणारी काचेची तीन भांडी, घासून घट्ट केलेले सांधे, आणि मधे वायू वर जाऊ देईल पण पाणी खाली येऊ देणार नाही अशी झडप. आजही पहिली तपासणी हीच. झाकण आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा; फेस फुगला तर गळती तिथेच आहे. नळीत एकदिशा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वायूचा जोर ओसरल्यावर टाकीतलं पाणी बाटलीत उतरतं. मधे एक रिकामी बाटली जोडली तर यीस्टचा फेस टाकीत जात नाही. आणि यीस्टच्या बाटलीची नळी व्हॉल्व्ह पिळून कधीच बंद करायची नाही. आंबणं थांबत नाही, दाब वाढत जातो आणि बाटली फुटते.

दुसरा टप्पा : विरघळतोय का?

मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ साली नियम मांडला : द्रवात किती वायू विरघळेल, ते त्या वायूच्या दाबावर ठरतं. नुसत्या हवेच्या संपर्कातल्या पाण्यात हा वायू लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. आपण त्याच्या पन्नासपट मागतोय, म्हणून टाकीतलं पाणी सतत जादा वायू हवेला परत देत राहतं. फिल्टरची धार पृष्ठभागावर जोरात आपटत असेल तर हे आणखी वेगाने होतं.

मोठा बुडबुडा तर विरघळायच्या आधीच वर येऊन फुटतो. प्रीस्टलीने यासाठी भांडं जोरजोरात हलवायला सांगितलं होतं. टाकी हलवता येत नाही, म्हणून नळी फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाशी सोडायची. आतला पंखा बुडबुड्यांचा चुरा करतो. सिरॅमिक डिफ्यूझरला चांगला दाब लागतो आणि यीस्टची बाटली तिथे अनेकदा कमी पडते.

तिसरा टप्पा : झाडं वापरतायत का?

पाण्यातली पानं उन्हात बुडबुडे सोडतात आणि अंधारात हवा खराब करतात, हे यान इंगेनहाउझने १७७९ साली दाखवलं. तीन वर्षांनी जिनिव्हाच्या झां सेनेबिएने दाखवलं की पाण्यात कार्बन डायऑक्साइड नसेल तर ऊन असूनही पानं गप्प बसतात. शाळेत हायड्रिलाच्या चंचुपात्रात चिमूटभर खायचा सोडा टाकायचो, तो यासाठीच. जगदीशचंद्र बोस यांनीही हायड्रिलाचे बुडबुडे यंत्राने नोंदवले. प्रकाशसंश्लेषणावरचं त्यांचं पुस्तक १९२४ सालचं आहे.

१९०५ साली एफ. एफ. ब्लॅकमनने याचा नियम केला : अनेक घटकांपैकी जो सगळ्यात कमी, तोच वेग ठरवतो. म्हणून वायू तुटपुंजा असताना दिवा वाढवला तर झाडांना फायदा होत नाही, शेवाळाला रान मोकळं मिळतं. यीस्टचा वेग तापमानाबरोबर बदलतो आणि काही दिवसांत मंदावतो. दोन बाटल्या जोडून आलटून पालटून बदलल्या तर पुरवठा जरा स्थिर राहतो.

शेवटचा टप्पा : उरलेला वायू

यीस्टला रात्र कळत नाही. दिवा बंद झाला की झाडं वायू घेणं थांबवतात, उलट स्वतः सोडतात, आणि बाटली चालूच असते. सकाळपर्यंत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका वाढतो की माशांच्या रक्तातला तो बाहेर पडत नाही. मासे धापा टाकत असतील तर नळी लगेच काढा, एअर पंप लावा, थोडं पाणी बदला. रोज रात्री एअर पंप चालू ठेवणं त्याहून बरं. ब्रोमोथायमॉल ब्लूचा निर्देशक टाकीत लावता येतो : निळा म्हणजे कमी, हिरवा ठीक, पिवळा जास्त. पण तो एक-दोन तास मागचं सांगतो, त्यामुळे आधी माशांकडे बघायचं.

१९९०च्या दशकात जपानच्या ताकाशी अमानो यांच्या पुस्तकांनी घनदाट हिरव्या टाक्यांचं वेड जगभर पसरवलं. त्या फोटोंमागे वायूचा काटेकोर पुरवठा होता. आपण फोटो बघतो आणि त्या काटेकोरपणाच्या जागी बाटली लावतो.

त्याच्या दीडशे वर्षं आधी लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने वेगळा रस्ता घेतला होता. सुमारे ५५ लिटर पाणी, दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया. पानं सडून पाणी गढूळ झालं, तेव्हा त्याने सडकी पानं खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळलं. १८५० साली त्याने हे प्रसिद्ध केलं. त्यात बाहेरून वायू दिलाच नव्हता.

चारही टप्पे तपासूनही बाटली स्थिर होत नसेल तर ती काढून टाका. दिवा मंद करा. व्हॅलिस्नेरिया, अनुबियास, जावा फर्न लावा. वाढ सावकाश होईल, फोटो साधे येतील. मासे मात्र रात्रभर नीट श्वास घेतील.