पाळणाघराच्या दारातील नोंद

सोलापूरचा इतिहास म्हटला की सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे आणि गिरण्यांचे भोंगे एवढे सर्वांच्या तोंडी येते. त्या भोंग्यासरशी घराबाहेर पडणाऱ्या बाईच्या कडेवर मूल असे. ते दिवसभर कोठे राही, कोणाच्या हाती राही, ही हकीकत मात्र सहसा कोणी लिहीत नाही. स्मरणिकेसाठी लेख हवा असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी हाच विषय घेण्याचे ठरविले, आणि त्यातलाही एक लहानसा कोपरा. मूल दुसऱ्याच्या हाती सोपविताना त्याच्या अंगावर आधीच एखादी खोक, भाजल्याचा फोड वा काळानिळा डाग असेल, तर त्याची नोंद कोणी करी काय? करीत असल्यास कशासाठी?

प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्या भगिनींनी शेजारचे मूल चार तास जरी सांभाळले असेल त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. संध्याकाळी आई येते, मुलाचे झबले वर करते आणि विचारते, "हे कशानं झालं?" सकाळी कोणी पाहिलेच नव्हते, मग दोन बाया समोरासमोर उभ्या राहतात, आणि मूल बिचारे मध्ये.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर आरंभ पंढरपुरापासून करावा लागतो. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, हे आपण जाणतोच. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७५ साली, पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला आणि तो प्रार्थना समाजाने चालविला. वारीच्या गर्दीत, तीर्थाच्या ठिकाणी, नाइलाजाने मूल ठेवून जाणाऱ्या अभागी स्त्रिया कोणत्या परिस्थितीत असत हे सांगावयास नको. अशा आश्रमाच्या दारात मूल येते तेव्हा त्याच्यासंबंधी बोलणारे कोणी नसते. त्याचे अंग हाच त्याचा कागद. कोठे काय खूण आहे, कोठे काय लागले आहे, हे पहिल्या दिवशी पाहून घेतले नाही तर पुढे ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

ही गोष्ट युरोपातही आधीच उमगलेली होती. लंडनच्या अनाथ बालकांच्या इस्पितळाने १७४१ साली पहिली मुले घेतली. प्रत्येक मुलासाठी एक छापील चिठ्ठी भरीत. मुलगा की मुलगी, वय किती, अंगावर कोणते कपडे आणि शरीरावर कोणत्या खुणा, असे रकाने तिच्यात असत. चिठ्ठीला मुलाच्या कपड्याचा किंवा आईने दिलेल्या चिंधीचा एक तुकडा टाचून ठेवीत. पुढेमागे आई परत आली तर ओळख पटावी, हा हेतू. अशी सुमारे पाच हजार कापडे आजही तेथे जपलेली आहेत. चादरीच्या आणि टॉवेलच्या गावी राहणाऱ्या आपल्याला हे वाचून गंमत वाटेल. मला तर एकेक तुकडा हातात घेऊन पाहावासा वाटतो. परंतु लक्षात घेण्याजोगे हे की शरीरावरच्या खुणा ओळखीसाठी लिहिल्या जात. त्या खुणा कशाने झाल्या, हे विचारण्याचा तो काळ नव्हता.

आता गिरण्यांकडे येऊ. शेठ मुरारजी गोकुळदास यांची गिरणी १८७७ साली सुरू झाली. तीच आपली जुनी गिरणी. मागोमाग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायकांची मोठी भरती असे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांच्या मुलालाही कामावर घेण्याची मुभा ठेवली होती. १८९१ साली ती मर्यादा नऊ वर्षांवर गेली आणि बायकांचा दिवस अकरा तासांचा ठरला. अकरा तास! तान्हे मूल असणारीने काय करावे? घरी म्हातारी सासू असली तर ठीक. नसली तर मोठ्या बहिणीच्या, म्हणजे पाचसहा वर्षांच्या पोरीच्या, हवाली करावे. आणि तेही न जमले तर बाळाला अफूची बारीकशी गोळी चाटवून निजवावे. तिला बाळागोळी म्हणत. डॉ. बार्न्स या बाईंनी १९२० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तिच्यात या अफूचा प्रकार ठळकपणे पुढे आला. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशननेही १९३१ च्या अहवालात त्याची दखल घेतली व कारखान्यांनी पाळणाघरे काढावीत अशी शिफारस केली.

अफूची ही गोष्ट माझ्या विषयाशी अगदी जुळणारी आहे. पाळणाघराच्या दारात आलेले मूल सुस्त आहे. ते झोपेने, तापाने, की गोळीने? आईने सांगितले नाही आणि दाईने विचारले नाही, तर दुपारी ते मूल उठेना झाल्यावर दोष दाईच्या माथी यायचा. बरे, आईने सांगावे तर कशी सांगणार? तिला वाटणार, आता मूल घेणार नाहीत, म्हणजे आजचा रोज बुडाला. एवढ्याशा प्रश्नात तिची भाकरी अडकलेली असे.

१९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांत पाळणाघराची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने ती तरतूद थेट कायद्यात आली. १९७६ साली पन्नासाची मर्यादा तीसवर आणली गेली. त्या कलमात काय होते ते पाहा. सहा वर्षांखालील मुलांसाठी हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली; बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेली बाई; धुण्याची व कपडे बदलण्याची सोय; नियमाप्रमाणे फुकट दूध वा खाणे; आणि अंगावर पाजण्यासाठी आईला मधून सुट्टी. सारे आवश्यक, सारे चांगले. मात्र मूल घरून लागलेले घेऊन आले तर काय लिहावे, यासंबंधी त्या कलमात एक अक्षर नव्हते.

त्याच कायद्यात मोठ्या माणसाच्या दुखापतीचे काय होते? ८८ वे कलम होते. अपघाताने कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर अधिकाऱ्यांना कळविणे भाग होते. बाईचे बोट यंत्रात सापडले तर त्याची तारीख, वेळ, यंत्र, साक्षीदार, सगळे कागदावर चढे. असे का, याचे उत्तर मला तरी १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात दिसते. बोटाला किंमत होती, म्हणून बोटाची नोंद होती. मुलाच्या कपाळावरच्या टेंगळाचे पैसे कोणालाच द्यावे लागत नव्हते! ते टेंगूळ आई आणि दाई यांच्या तोंडीच राहिले, आणि तोंडचे बोलणे भोंगा होईपर्यंतच टिकते.

डॉक्टर लोकांनाही हे उशिराच सुचले. अमेरिकेत १९४६ साली जॉन कॅफी या क्ष-किरण तज्ज्ञांनी सहा तान्ह्या मुलांच्या चित्रांवरून दाखविले की डोक्यात रक्त साकळलेल्या या मुलांची हातापायांची हाडेही मोडलेली आहेत आणि आईबापांच्या सांगण्यात त्याचे कारण सापडत नाही. पुढे १९६२ साली हेन्री केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून जगभर या गोष्टीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू लागले. सांगितलेली हकीकत आणि दिसणारी जखम शेजारी शेजारी मांडून पाहावी, एवढाच त्या निबंधाचा घरगुती अर्थ. पण शेजारी मांडावयाचे तर दोन्ही आधी लिहिलेले हवे.

लिहिण्याच्या बाबतीत आपल्या मराठीने एक अवघड जागा करून ठेवली आहे. 'पडला' आणि 'पाडला' यांत एका कान्याचे अंतर. तीन वर्षांचे पोर बोबडे बोलते. ऐकणारीने घाईत 'पडला' लिहिले की सारी हकीकतच बदलली. शिवाय आपल्या गावात एकच भाषा कोठे आहे? पूर्व भागातली आई तेलुगूत सांगेल, अक्कलकोटकडची कानडीत. आपण ते ऐकून आपल्या मराठीत गोळाबेरीज लिहितो. त्यापेक्षा ती जे बोलली ते तसेच, तिच्याच भाषेत, देवनागरीत उतरवून घ्यावे आणि अर्थ खाली द्यावा. मूल स्वतः काही म्हणाले तर तेही त्याच्याच शब्दांत. त्याला खोदून खोदून विचारू नये. विचारणाऱ्याला हवे ते उत्तर देण्याची मुलांना सवय असते.

जखम मात्र आपल्या डोळ्यांनी लिहावी. कोणत्या बाजूला, केवढी, कोणत्या रंगाची, किती वाजता पाहिली. मुलाची पुढची व पाठीमागची अशा दोन साध्या आकृत्या काढून त्यांवर खूण केली तर अक्षर न येणाऱ्या मदतनीस बाईलाही नोंद करता येते. रंगावरून "ही चार दिवसांची दिसते" असे ठरविण्याचा मोह होतो, तो आवरावा. डागाच्या रंगावरून दिवस नेमके सांगता येत नाहीत असे आता डॉक्टरच सांगतात. चालू-पळू लागलेल्या पोराच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर खरचटलेले असायचेच. पण जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर काळेनिळे, किंवा कानावर, मानेवर, पोटावर, कुल्ल्यावर वळ, हे सहसा खेळताना होत नाही. तेथे लेखणी थांबवून नीट विचार करावा.

आणि उलट बाजूनेही जपावे. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर करडा डाग असतो, तो वाढत्या वयाबरोबर फिका होतो. न जाणणाऱ्याला तो मार वाटतो. पहिल्याच दिवशी तो लिहून ठेवला तर एका निरपराध आईची बदनामी टळते. बिब्ब्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. पोट दुखते, बाळ रडते, म्हणून घरची वडीलधारी बाई बिब्बा लावते आणि कातडी पोळते. मायेने दिलेली जखमही जखमच. तिला औषध हवे, आणि पुन्हा लावू नये हे सांगावयास हवे. पण तिच्यापुढे 'क्रूरता' हा शब्द लिहिण्याचा अधिकार पाळणाघराच्या बाईला कोणी दिला? मला तर वाटते, या वहीत विशेषणे नसावीतच.

गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि त्यांची पाळणाघरेही गेली. विडीच्या धंद्यासाठी १९६६ साली कायदा झाला, त्यातही पन्नासहून अधिक बायकांच्या कारखान्याला पाळणाघर सांगितले होते. परंतु आपल्याकडे विडी वळली जाते घरात. पान आणि तंबाखू घेऊन बाई उंबऱ्याच्या आत बसते, सूप मांडीवर, मूल पाठीशी, चूल हाताशी. कायद्याचे पाळणाघर तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, पुढे रे नगर उभे राहिले व जानेवारी २०२४ मध्ये तेथील पंधरा हजार घरे कामगारांच्या हाती आली. घर झाले, फार मोठे काम झाले. मूल कोठे ठेवावे हा प्रश्न मात्र घराबरोबर आपोआप सुटत नाही. त्याला आधार आहे तो १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडीचा, आणि गल्लीतल्या एखाद्या मावशीचा. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात मुलाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली, तेव्हापासून पाळणाघरांना कॅमेरा बसविण्याचा आग्रह सुरू झाला. कॅमेरा ठेवावा, पण दाराबाहेर काय घडले ते त्याला दिसत नाही. ते दारात उभ्या राहणाऱ्या बाईलाच पाहावे लागते.

संशय खराच आला तर? वहीत लिहून गप्प बसणे पुरेसे नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या कोणाही व्यक्तीने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे, न कळविल्यास शिक्षा आहे. इतर छळाच्या बाबतीतही १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे. "पोलीस केस होईल" या भीतीने आपल्या गल्ल्यांत फार गोष्टी झाकल्या जातात. कळविणारीने गुन्हा सिद्ध करावयाचा नसतो. तिने पाहिलेले व ऐकलेले सांगावयाचे असते, आणि तेव्हा त्या दिवशी लिहिलेल्या चार ओळी दहा साक्षींच्या तोडीच्या ठरतात.

राहता राहिला प्रश्न वही ठेवावी कोठे. दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याने चाळावी अशी ती ठेवू नये. प्रत्येक मुलाचे पान वेगळे असावे, म्हणजे एका आईला दाखविताना दुसरीचे घर उघडे पडत नाही. घाबरलेल्या मुलाच्या पानावर सही घेण्यासाठी घरच्यांना बोलावू नये. ते पान आधी डॉक्टरांना वा १०९८ च्या माणसांना दाखवावे. एरवी, रोजच्या पडण्या-खरचटण्याच्या नोंदी, आई उभी असतानाच लिहाव्यात आणि सही अगर अंगठा घेण्यापूर्वी तिला तिच्या भाषेत वाचून दाखवाव्यात. ती एखादा शब्द बदला म्हणाली तर जुना शब्द खोडू नये, नवा त्याच्या पुढे लिहावा.