डोलीतले शिपाई

शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर आहे. फारुकी घराण्याने खानदेशावर राज्य मांडले ते येथूनच. या घराण्यातील नासीरखानाची एक कथा फिरिस्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. इ. स. १४०० च्या सुमारास खानाला आसा अहिराचा असीरगड हवा होता. पण गड पडला बेलाग! तेव्हा त्याने निरोप धाडला, की शत्रू पाठीशी आहे, माझ्या बायकामुलांना आसरा द्यावा. अहिराने भल्या मनाने दरवाजा उघडला. डोल्या आत आल्या आणि त्यांतून उतरले हत्यारबंद शिपाई!

पुढे १६०१ च्या जानेवारीत तोच गड अकबराने घेतला. तोफांपेक्षा तेथे सोन्यानेच अधिक काम केले, असे सांगणारेही आहेत. तात्पर्य, गड तटावरून क्वचितच जातो. तो दरवाजातून जातो.

आजचे गड डोळ्यांना दिसत नाहीत. पेढ्या, वीज, रेल्वे सारे संगणकावर चालते. २००७ मध्ये चिमुकल्या एस्टोनियाच्या पेढ्या, वृत्तपत्रे आणि सरकारी कचेऱ्या अशाच अदृश्य हल्ल्याने लुळ्या पडल्या. दुसऱ्याच वर्षी त्या देशाने राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण आखले. आपल्याकडे २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला, २००४ मध्ये ‘सर्ट-इन’ ही संस्था उभी राहिली आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय धोरण आले. पाच वर्षांत पाच लाख कुशल माणसे तयार करू, असा त्यात संकल्प होता. ती पाच वर्षे भरली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी देशोदेशींच्या यंत्रांतून पैसे निघत राहिले, आणि खरी परवानगी द्यायची ती व्यवस्थाच चोरांनी बाजूला सारली होती. पुन्हा डोलीच!

मग धोरण चांगले की वाईट, हे ठरवायचे कसे? संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना कायदे, तंत्र, संस्था, शिक्षण आणि सहकार्य या पाच बाबी पाहून देशांना गुण देते. २०२४ मध्ये भारत तिच्या पहिल्या श्रेणीत बसला. आनंदच आहे. परंतु ही मोजणी तटाची, बुरुजांची. यावलच्या एखाद्या आजीला ‘पोलीस बोलतोय’ असा खोटा फोन आला, तर ती घाबरून पैसे पाठवते की फोन ठेवून १९३० हा क्रमांक फिरवते? गेलेला पैसा तिला परत मिळतो का? धोरणाची खरी परीक्षा ही आहे.

दिवाळीत घरोघर माणसे जमतात. फराळ झाल्यावर मुलांनी आजी-आजोबांना असीरगडाची ही गोष्ट जरूर सांगावी. दार उघडण्यापूर्वी डोलीचा पडदा बाजूला करून पाहावा, एवढे शहाणपण अहिराच्या गडाने आपल्यासाठी ठेवले आहे.