नाण्यावरचे नाव

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे शाळेची सहल नेली की मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो : नाण्याला किंमत कोण देतो? सोने, राजा की देव?

प्रश्न उगाच नाही. नार्व्याचा श्रीसप्तकोटीश्वर हा गोव्याच्या कदंबांचा आराध्यदेव. बाराव्या शतकातील कदंबांच्या सुवर्णनाण्यांवर सिंहाची मुद्रा आहे, आणि या देवाचा वरप्रसाद लाभलेला राजा असे बिरुद कोरले आहे. पुढे राज्य गेले. दिवाडी बेटावरचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, लिंग नदी ओलांडून नार्व्यात आले, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देवालयाचा जीर्णोद्धार करविला. ते नाणे आज पदार्थसंग्रहालयात आहे. देवापुढचा दिवा मात्र तेवत आहे.

दुसरी गोष्ट घरातली. माझी आजी पेडण्याची. 1958 पर्यंत तिच्या कनवटीला पोर्तुगीज अमलाची ‘रुपिया’ असे. त्या वर्षी एका रुपियाचे सहा इश्कूद झाले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि लवकरच भारतीय रुपया आला. चार-पाच वर्षांत तीन चलने! पात्रादेवीपलीकडे बांद्याला तिचे माहेर. तिकडचा पैसा वेगळा, इकडचा वेगळा, पण माणसे तीच आणि भाषाही तीच. बदलून घ्यायचे राहिलेले काही इश्कूद तिने एका पत्र्याच्या डबीत ठेवले होते. ती डबी आता माझ्याकडे आहे.

त्याच धामधुमीत बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत गोवेकरांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला नेण्यात आले. ते भारतात परतले 1991 मध्ये. तीस वर्षे! सरकार आणि बँक यांच्या शब्दावर किती विसंबावे, हा प्रश्न आमच्या लोकांना पुस्तकात शिकावा लागला नाही.

आता तिसरी गोष्ट. माझा एक माजी विद्यार्थी डिचोलीचा. वडिलांचे दोन ट्रक खनिजावर चालत. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. ट्रक विकून आलेल्या पैशातला मोठा वाटा मुलाने बिटकॉइनमध्ये घातला. ज्या व्यवहारपेढीत तो ठेवला होता तिचे दरवाजे एके दिवशी बंद झाले. मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, “सर, हें फकत पयशांचें न्हय. हो आमचो समाज.”

हे वाक्य मला झोपू देईना. म्हणून मी त्या ‘समाजा’चा इतिहास वाचला. 2008 मध्ये जगभरच्या बँका कोसळत असताना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक टिपण प्रसिद्ध झाले. मधे बँक नको, पैसा हातोहात जावा, खतावणी सर्वांपाशी असावी आणि एकूण नाणी ठरावीक संख्येहून अधिक नसावीत, अशी ती योजना. 3 जानेवारी 2009 रोजी लिहिलेल्या पहिल्याच पानात बँकांना सरकारी मदत देण्याविषयीच्या वृत्तपत्रातील मथळा गोवलेला आहे. कदंबांनी नाण्यावर देवाचे नाव कोरले, यांनी बँकेवरचा अविश्वास कोरला!

पुढे सण आले. 22 मे 2010 रोजी एकाने 10,000 बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे घेतले. तो दिवस आजही साजरा होतो. संस्थापक अज्ञातवासात गेला आणि त्याचे शब्द वचनासारखे उद्धृत होऊ लागले. 2017 मध्ये भाऊबंदकी झाली : हा पैसा रोज खर्चायचा की सोन्यासारखा पुरून ठेवायचा? या वादातून ‘बिटकॉइन कॅश’ हे वेगळे घर झाले. मूळ घरात आज साठवणारेच अधिक दिसतात. पैसा हातोहात फिरावा हा हेतू मागे पडला, किंमत वाढावी हा पुढे आला. आणि बँक नको म्हणणाऱ्यांपैकी असंख्यांनी आपली नाणी नव्या पेढ्यांच्याच हवाली केली. 2014 मध्ये जपानची माउंट गॉक्स बुडाली, 2022 मध्ये एफटीएक्स. माझा विद्यार्थी याच वाटेने गेला.

आपल्याकडे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहारांवरील रिझर्व्ह बँकेचा बँकबंदीचा आदेश रद्द केला. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे. कर आहे म्हणून सरकारची हमी आहे, असे मात्र कोणी समजू नये.

तरीही त्या मुलाला मी खुळा म्हणणार नाही. खाणी गेल्यावर आमच्या गावात तरुणांना ‘आपण कोण’ हे सांगणारे फारसे काही उरले नव्हते. ते त्याला परक्या देशांतील अनोळखी सोबत्यांत सापडले. ओढ खरी होती. पण समाज म्हणजे घोषणा आणि सण एवढेच नव्हे. आपल्यातला एक बुडाला तर त्याच्या दारात कोण जातो, यावरून समाज ओळखावा. त्याच्या दारात गेले ते गल्लीतले शेजारी आणि बांद्याचा मामा.

परवा मी त्याला आजीची डबी दाखवली. एक इश्कूद तळहातावर घेऊन त्याने विचारले, “सर, याका आतां कितें मेळटलें?”

मी म्हटले, “बाबा, आजीने हा प्रश्न कधीच विचारला नाही.”

तो थोडा हसला आणि त्याने नाणे जपून परत ठेवले.