कारणाचा रकाना

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होणाऱ्यांची केस हिस्टरी लिहिणे हे माझे रोजचे काम. म्हणूनच असेल, पण १८९३-९४ च्या 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'च्या अहवालातले वेड्यांच्या इस्पितळांचे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचते.

गांजाने माणूस वेडा होतो, असे तेव्हा सरकारी आकडेच सांगत. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. मुंबई इलाख्यासह देशभरातून ११९३ साक्षी झाल्या. पण मला मोलाचे वाटते ते दुसरेच काम. १८९२ साली 'गांजाचा वेडा' म्हणून नोंदलेल्या प्रत्येकाचे कागद आयोगाने मुळापर्यंत तपासायला लावले.

मुळाशी बहुधा पोलीस सापडला. भरकटलेला, अनोळखी इसम पकडून मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा, तर सोबत वर्णनपत्र लागे. त्यात वेडाच्या कारणाचा रकाना. घरदार ठाऊक नाही, पूर्वेतिहास ठाऊक नाही. गांजा ओढतो एवढे कळले की रकाना भरला. इस्पितळाच्या डॉक्टरने तेच रजिस्टरात उतरवायचे, रजिस्टरातून वार्षिक तक्त्यात. पोलिसाचा अंदाज असा वैद्यकीय आकडा होऊन बसला. गांजाच्या नावे मांडलेल्या २२२ रुग्णांपैकी छाननीनंतर ९८ उरले. त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली होती.

इतक्या चिकाटीच्या चौकशीचे मला मनापासून कौतुक आहे. तरी एक गोष्ट खुपते. ज्यांच्याबद्दल हे सारे चालले होते ते कुलूपबंद होते. माहिती द्यायला नकार देण्याची सोय त्यांना नव्हती. विचारणारे सरकार गांजावर कर घेणारे, आणि कोंडून ठेवणारेही तेच. अशा दारात नातेवाईक तरी किती खरे बोलले असतील?

आजही आमच्याकडे माणूस येतो तो कधी बायकोच्या, कधी पोलिसांच्या रेट्याने. पहिल्या रात्री अंग थरथरत असते, डोळे लागत नाहीत. त्या अवस्थेत संशोधनाच्या संमतीपत्रावर घेतलेली सही मी संमती मानत नाही. अंगातली नशा आणि तलफ उतरू द्यावी, मग एकट्याला बसवून विचारावे, नाही म्हणाला तरी उपचार थांबणार नाहीत हे आधी सांगावे. आणि कारण कळले नसेल, तर माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, तो रकाना कोराच ठेवा.