पोथी, खिळे आणि चकती



मी पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण पंचवटीतल्या एका छापखान्यात, शिशाच्या खिळ्यांपाशी झाले. मी जुळारी होतो. जुळाऱ्याला ओळ उलटी वाचावी लागते. त्यामुळे एखादी गोष्ट मागच्या बाजूने पाहण्याची सवय लागते, ती अजून सुटलेली नाही. आजचा विषयही मी त्याच बाजूने मांडणार आहे. रामकुंडावर पोथ्यांच्या दुकानांत काही वर्षांपूर्वी स्तोत्रांच्या चकत्या टांगलेल्या असत. आता चकत्याही गेल्या आणि पोथी फोनमध्ये आली. धर्मग्रंथ संगणकाची वस्तू म्हणून विकला जाऊ लागला, याला कोणी कलियुगाचे लक्षण म्हणतात, तर कोणी प्रगतीचे. मला वाटते, हा प्रकार फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला तर आपण भलत्याच प्रश्नावर भांडत आलो, असे दिसून येईल.

आरंभ गोव्यापासून करू. फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी. पण लिपी मात्र रोमन, कारण नागरीचे खिळे नव्हते. विषय तयार, भाषा तयार, वाचक तयार, अडले ते अक्षराच्या साच्यापाशी. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी पेशवाईच्या अखेरीस पुण्याच्या एका तांबटाने इंग्रज वकील मॅलेटच्या सहवासात अक्षरे कोरण्याची कला साधली. नाना फडणीस वारले, आणि तो कारागीर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयास गेला. तेथे १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. आपल्या माणसांनी छापलेला हा पहिला धर्मग्रंथ. गीता सांगणारे ठाऊक, ऐकणारा ठाऊक, आश्रय देणारे संस्थानिक ठाऊक. अक्षर कोरणाऱ्याचा उल्लेख मात्र 'एक तांबट' एवढाच होतो.

पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळेवर मराठी पंचांग छापले. त्या वेळी सोवळ्यातल्या मंडळींचा मोठा आक्षेप होता, तो शाईविषयी. शाईत चरबी असते, तेव्हा छापील कागदाला शिवावे कसे? मग तुपाची शाई करून पोथ्या छापल्या गेल्या, असे सांगतात. प्रश्न मिटला! बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. जावजी दादाजी हे मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासणारे पोर. त्यांनी स्वतःची ओतशाळा काढली, राणोजी आरूंसारख्या कसबी माणसाकडून अक्षरे कोरवून घेतली, आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. काशीपर्यंतचे शास्त्री निर्णयसागरची पोथी प्रमाण मानू लागले. ज्या यंत्राला शिवावयाचे नाही म्हणत होते, त्याच यंत्रावरची प्रत पुढे हातच्या लेखनापेक्षा शुद्ध ठरली. त्याच साली मुंबई सरकारने २४,००० रुपये खर्चून तुकोबांची गाथा छापविण्याचे काम सुरू केले. ज्या कवित्वाला पाण्यात बुडवावयास निघाले होते, ते सरकारी खर्चाने बाहेर आले.

या सबंध कथेत पावित्र्याचा प्रश्न दर वेळी उठतो आणि दर वेळी मिटतो. कधी तुपाने, कधी सवयीने. पण दुसरे दोन प्रश्न तसेच राहतात. हा ग्रंथ कोणाच्या हाती जाणार? आणि जुळवणाऱ्याच्या हाती काय पडणार?

आता संगणकाकडे येऊ. धर्मग्रंथ आणि गणनयंत्र यांची पहिली मोठी गाठ इटलीत पडली. रोबेर्तो बूसा नावाच्या जेझुइट पाद्र्याने संत थॉमस अक्वायनस याच्या ग्रंथांतील शब्दन् शब्दाची सूची करावयाचे मनात आणले. तो १९४९ साली अमेरिकेत जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटला आणि यंत्रांचे साहाय्य घेऊन आला. सुमारे १ कोटी १० लाख शब्दांचे हे काम १९७४ ते १९८० या काळात ५६ खंडांत छापून निघाले, आणि १९८९ साली चकतीवर आले. बूसाचे नाव जगभर झाले. पण कार्डांना भोके पाडून ते शब्द यंत्रात घालणाऱ्या होत्या गाल्लाराते गावच्या तरुण मुली. त्यांच्या कामाची दखल संशोधकांनी घेतली ती अगदी अलीकडे. तांबटाची गोष्ट पुन्हा घडली!

अमेरिकेत १९८२ साली टेक्सासच्या ऑस्टिन शहरातील एका कंपनीने घरगुती संगणकासाठी बायबल विकावयास आणले. शब्द टाकावा आणि तो जेथे जेथे आला असेल ती वचने समोर यावीत, ही त्यातली सोय. व्यापार म्हणून याला नावे ठेवण्याचे कारण नाही. छापील बायबलही विकतच मिळते. पण पुस्तक घेतले की ते आपले होते, शेजाऱ्याला देता येते. कुलूपबंद आज्ञावली मात्र 'विकत' घेऊनही आपली होत नाही. मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. हा फरक आपल्या ध्यानात यावयास पुष्कळ वर्षे लागली.

संगणकवाले सारे नास्तिक असतात, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. डोनाल्ड कनुथ हे या शास्त्रातले मोठे आचार्य. ते लुथरन पंथाचे भाविक आहेत. बायबलातील प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन घेऊन त्यांनी एक ग्रंथ लिहिला, जसा धान्याच्या प्रत्येक पोत्यातून बंबू मारून नमुना काढावा तसा! विज्ञान आणि श्रद्धा या विषयावर १९९९ साली त्यांनी एमआयटीत व्याख्यानेही दिली. आणि याच कनुथांनी १९७८ च्या सुमारास अक्षरजुळणीची 'टेक' नावाची आज्ञावली करून ती जगाला मोकळी दिली. हॉलंडच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली तिला नागरी अक्षरे पुरविली. त्याच सुमारास अमेरिकेत अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' ही पद्धत काढली. रोमन कळफलकावर ठरावीक खुणांनी मराठी-संस्कृत लिहावे आणि यंत्राने त्याची नागरी करावी, असा तो प्रकार. परदेशांतल्या आपल्या मंडळींनी संध्याकाळी कामावरून आल्यावर एकेक स्तोत्र याच पद्धतीने टंकून ठेवले. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, कोणी मोबदला घेऊ नये. स्टीफन्सने खिळ्यांअभावी जे केले, तेच पावणेचारशे वर्षांनी या लोकांनी केले. फरक एवढाच की आता रोमनमधून नागरीत परत येण्याची वाट होती.

आपल्याकडे काय चालले होते? पुण्यात १९८८ साली सी-डॅक संस्था निघाली. भारतीय लिप्यांचा 'इस्की' नावाचा सामाईक संकेत १९९१ साली प्रमाण ठरला, आणि त्याच वर्षी जगाच्या युनिकोड संकेतातही नागरीला स्थान मिळाले. पण बाजारात मात्र बरीच वर्षे प्रत्येक अक्षरसंचाचा संकेत निराळा. एका आज्ञावलीत टंकलेली ज्ञानेश्वरी दुसरीत उघडली की नुसती खिचडी दिसे. छापखान्यात असताना एका ओतशाळेचे खिळे दुसऱ्याच्या केसमध्ये बसत नसले तरी छापून निघालेले पान कोणालाही वाचता येई. येथे पानच वाचता येईना.

माझा छापखाना १९९४ साली बंद झाला. मालकांनी एक संगणक आणला, दसऱ्याला जुन्या यंत्राशेजारी ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. आणि दिवाळीनंतर आम्हां अकरा जणांना घरी बसविले. ग्रॅच्युइटीचे नाव नाही. यंत्राची पूजा मनोभावे झाली होती, यात मला शंका नाही. तेथून मी चळवळीत आलो तो कायमचा. आमच्या चळवळीने संगणकाला विरोध केला, हे आपण जाणताच. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी तो साठीच्या दशकात केला; बँकांत १९८३ साली संघटनांनी करार करून यंत्रांना मर्यादा घातल्या. त्याबद्दल आम्हांला आजही हिणवतात. मी इतकेच म्हणतो की ज्यांनी करार केला त्यांचे काही तरी उरले, आणि ज्यांनी नुसत्या घोषणा दिल्या, त्यांत मीही होतो, त्यांच्या हाती काही लागले नाही. आम्ही यंत्राशी भांडलो. कागदाशी भांडावयास हवे होते.

हे मला कळले ते पाच वर्षांनी. एका ठेकेदाराकडून गावातल्या काही बायका घरी पोथ्या टंकून देत, पानामागे ठरलेले पैसे घेऊन. त्यांतून चकती निघाली, वर देवाचे सुंदर चित्र, आणि आत कुलूप, एका चकतीला एकच संगणक. ज्या बाईने त्यातली सर्वांत मोठी पोथी टंकली होती, तिच्या सासूचे डोळे गेलेले. घरच्या यंत्रावर मोठ्या अक्षरांत लावून वाचून दाखवावी म्हणून तिने एक चकती मागितली. तिला किंमत सांगण्यात आली. ती तिच्या महिन्याच्या कमाईहून अधिक होती. ती मला म्हणाली, "भाऊ, सगळी पोथी माझ्या बोटांतून गेली, आणि माझ्याच घरात ती येत नाही." आम्ही बायकांना घेऊन ठेकेदाराकडे गेलो. चार बैठका झाल्या. पानाचा दर वाढवून मिळाला. चकती मिळाली नाही.

याच सुमारास आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीस, निराळे काही घडत होते. ब्रह्मदेशात १९५४ ते १९५६ या काळात भिक्खूंची सहावी धम्मसंगीती भरली आणि तीत पाली त्रिपिटकाचा पाठ तपासून निश्चित झाला. सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने इगतपुरीत १९७६ साली धम्मगिरी उभी राहिली, १९८५ साली तेथे विपश्यना विशोधन विन्यास स्थापन झाला, आणि या संस्थेने तो सबंध पाठ नागरीत छापला व संगणकावर चढविला. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्याची चकती निघाली. मूळ ग्रंथ, त्यांवरच्या अट्ठकथा, टीका, असे दोनशेहून अधिक ग्रंथ तीत; तेच पान नागरीत वाचा, ब्रह्मी लोकांच्या लिपीत वाचा वा रोमनमध्ये वाचा. थायलंडच्या महिदोल विद्यापीठाने १९८८ साली संगणकावरचे त्रिपिटक सिद्ध केले होतेच, त्यामुळे हे काम जगात पहिले नव्हे. परंतु इगतपुरीची चकती विनामूल्य होती. धम्माचे मोल घ्यावयाचे नाही, एवढेच तिच्यामागचे तत्त्व.

श्रोते हो, हे इगतपुरीत घडावे, यात मला मोठा अर्थ दिसतो. पंचवटीत काळारामाच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसे त्या दारापाशी उभी राहिली, मार खाल्ला, वर्षानुवर्षे लढली. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यात येवल्यास, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९५६ साली नागपुरास ते बौद्ध झाले. ज्यांच्या आजोबांपुढे दार लावून घेतले, त्यांच्या नातवाला आपला धर्मग्रंथ आपल्या लिपीत, काही न मोजता, तीसेक मैलांवरून मिळाला. त्या सत्याग्रहात उभ्या असलेल्या एका वृद्धाच्या घरी मी ती चकती लागलेली पाहिली आहे. म्हाताऱ्याला पाली येत नव्हती. तो पडद्यावरच्या ओळी नुसता पाहत बसला होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "याला कुलूप नाही ना?"

मी त्या वेळी हसलो. आता हसू येत नाही; कारण त्याने नेमका तोच प्रश्न विचारला होता, जो आम्ही विद्येच्या गप्पा मारणाऱ्यांनी विचारला नव्हता.

मात्र फुकट या शब्दाने एका गोष्टीवर पांघरूण पडू नये. ग्रंथाचे मोल नको, हे मला मान्य. पण ज्याने बोटे झिजविली त्याच्या श्रमाचे मोल हवे. परदेशातल्या ज्या भाविकांनी फावल्या वेळी स्तोत्रे टंकली, त्यांचे पोट दुसऱ्या नोकरीवर भरत होते. त्यांची सेवा ही सेवाच. पण ज्या बाईची चूल त्या पानावर पेटते, तिला सेवेचा उपदेश करून दर पाडणे हा धर्म नव्हे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक लिहून ठेवीत की पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिले आहे, तेव्हा जपा. कामगाराचे गाऱ्हाणे धर्मग्रंथाच्या अंगावर नोंदलेले सापडते ते तेथेच. छापखाना आला आणि ती ओळ गेली. तिच्या जागी मालकाचे नाव आले.

आज आपल्या शहरातली मंदिरे, मठ, वाचनालये आणि तीर्थोपाध्यायांची घरे आपापले ग्रंथ आणि वह्या संगणकावर चढवीत आहेत. हे चांगलेच आहे. माझी विनंती तीन गोष्टींची. अक्षरे युनिकोडातच ठेवा, म्हणजे उद्या कोणत्याही यंत्रावर वाचता येतील. पैसे घ्यावयाचे तर घ्या, पण ग्रंथाला कुलूप घालू नका. आणि शेवटच्या पानावर टंकणाऱ्याचे नाव लिहा, तो दर पानामागे पैसे घेणारा असला तरी. किंबहुना तो तसा असला तर आधी लिहा.

त्या बाईची सासू नंतर दोन वर्षांनी वारली. पोथी तिला तोंडपाठ होती, असे सून सांगत होती. पण ऐकावयाची होती सुनेने टंकलेली. इतके सांगून मी आपली रजा घेतो.