कमाई संपली, यंत्र उरलं

आज आपण अशा एका यंत्राचा इतिहास ऐकणार आहोत, जे बिघडायच्या आधीच भंगारात जातं. आणि ज्यांनी ते भंगारातून उचलून पुन्हा कामाला लावलं, त्यांचाही.

हे यंत्र आहे बिटकॉइनचं मायनिंग करणारं. तुम्ही म्हणाल, ताई, आमचा आणि त्याचा काय संबंध? संबंध आहे. आपले गट कर्ज काढून यंत्रं घेतात. कुणी डाळ मिल घेतं, कुणी मिरची कांडप, कुणी शेवयांचं मशीन. घेताना आपण किंमत विचारतो, हप्ता विचारतो, अनुदान किती ते विचारतो. पण यंत्राच्या आतलं कार्ड गेलं तर ते कोण दुरुस्त करील, आणि आजचं काम संपलं तर हे यंत्र उद्या दुसरं काय करील, हे विचारायचं राहून जातं. हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते या गोष्टीतून कळतं.

आधी बिटकॉइन म्हणजे काय ते थोडक्यात बघू. आपल्या गटाची वही असते. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, सगळं त्यात. समजा ती वही एकटीच्या घरी न ठेवता प्रत्येकीकडे एकेक प्रत ठेवली, तर कुणाला खाडाखोड करता येणार नाही. बिटकॉइन म्हणजे जगभरच्या संगणकांवर ठेवलेली अशी एक वही. तिचं पहिलं पान ३ जानेवारी २००९ ला लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याने सातोशी नाकामोतो असं नाव लावलं होतं. तो माणूस खरा कोण, हे अजून उघड झालेलं नाही.

या वहीत साधारण दर दहा मिनिटांनी नवं पान जोडलं जातं. पान कुणी जोडायचं, हे ठरवायला एक शर्यत असते. त्या पानावरच्या मजकुरात एक आकडा मिसळायचा आणि ठरलेल्या रीतीने तो मजकूर दळायचा. दळून बाहेर पडतो एक लांबलचक आकडा. तो ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान आला की तुम्ही जिंकलात. नाही आला तर मिसळलेला आकडा बदला आणि पुन्हा दळा. पिठावरून दाणा परत करता येत नाही, तसंच हे आहे. उलट गणित मांडून उत्तर निघत नाही, दळतच राहावं लागतं. याला म्हणतात मायनिंग. जिंकणाऱ्याला नवे बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला एका पानामागे ५० मिळायचे. साधारण चार वर्षांनी ते निम्मे होतात, असा नियमच आहे. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ अशा चार वेळा ते निम्मे झाले.

पहिल्या वर्षी हे दळण घरच्या साध्या संगणकावर व्हायचं. २०१० मध्ये लोकांच्या लक्षात आलं की खेळांची चित्रं दाखवायला संगणकात जे ग्राफिक्स कार्ड असतं, ते हे काम कितीतरी भराभर करतं. पुढे २०११ च्या सुमारास आतली जुळणी बदलता येणाऱ्या चिप आल्या. आणि २०१३ मध्ये आली फक्त हेच एक दळण करणारी चिप.

हा फरक आपल्या स्वयंपाकघरातल्या सोऱ्यावरून चांगला समजतो. सोऱ्याची चकती बदलली की त्यातून चकली निघते, शेव निघते, कडबोळंही होतं. संगणक तसा आहे. आता समजा कुणी सोऱ्याला शेवेची चकती झाळून पक्की केली आणि म्हणालं, शेव हजारपट भराभर पडेल, पण दुसरं काही कधीच होणार नाही. मायनिंगची चिप म्हणजे असा झाळलेला सोऱ्या.

पण एकट्या चिपने काम होत नाही. तिला काम नेमून देणारं, तिचा ताप बघणारं, पंखा कमीजास्त करणारं आणि इंटरनेटशी बोलणारं कुणीतरी लागतं. त्याला कंट्रोलर म्हणतात. आपण म्हणतो कार्ड. २०१३ मधल्या ‘अव्हेलॉन’ नावाच्या सुरुवातीच्या यंत्रात हे काम टीपी-लिंक कंपनीच्या एका लहानशा वायफाय राउटरकडून करून घेतलं होतं. हौशी माणसं तर ब्रिटनमध्ये तयार झालेला रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक कंट्रोलर म्हणून वापरायची. म्हणजे या धंद्याची सुरुवातच घरगुती जुळणीतून झाली.

मग मोठ्या कंपन्या आल्या. २०१६ मध्ये चीनच्या बिटमेन कंपनीने ‘अँटमायनर एस-९’ बाजारात आणलं. चार किलोच्या आसपास वजनाची लांबट पेटी, दोन टोकांना दोन पंखे, आत तीन पाट्या, प्रत्येक पाटीवर ६३ चिप आणि वर एक कंट्रोलर. हे यंत्र सेकंदाला साधारण साडेतेरा लाख कोटी वेळा दळायचं. वीज लागायची सुमारे १३५० वॉट, म्हणजे बादलीतलं पाणी तापवायचा रॉड जेवढी ओढतो तेवढी. रॉड आपण अर्ध्या तासाने बंद करतो. हे यंत्र रात्रंदिवस चालायचं. दिवसाला ३२ युनिट.

आता दुखणं कुठे आहे ते बघा. शर्यतीत यंत्रं वाढली की साधारण दर दोन आठवड्यांनी कोडं आपोआप अवघड होतं. नवं यंत्र त्याच विजेत जास्त दळतं. जुनं यंत्र तेवढंच दळतं, पण त्याची कमाई घटत जाते आणि विजेचं बिल तेवढंच राहतं. एक दिवस असा येतो की बिल कमाईच्या वर जातं. यंत्र ठणठणीत असतं, तरी बाद ठरतं. मे २०२० मध्ये बक्षीस निम्मं झालं, तेव्हा एस-९ वर अनेक ठिकाणी ही वेळ आली. २०२१ मध्ये चीन सरकारने मायनिंगवर बंदी आणली. त्याआधी काही वर्षं जगातलं निम्म्याहून जास्त मायनिंग तिथेच चालायचं. यंत्रांचे ढीगच्या ढीग दुसऱ्या देशांत गेले, काही भंगारात गेले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन संशोधकांनी अंदाज मांडला की बिटकॉइनमुळे वर्षाला सुमारे ३० हजार टन इलेक्ट्रॉनिक कचरा होतो आणि असं यंत्र सरासरी दीड वर्षसुद्धा टिकत नाही. आपली शिलाई मशीन आईकडून लेकीकडे जाते, हे आठवून बघा.

आता वळू या भंगार उचलणाऱ्यांकडे. त्यांनी यंत्र सुटं केलं आणि प्रत्येक भाग वेगळा पाहिला.

पहिला भाग पंखे आणि वीज देणारी पेटी. ही पेटी घरची वीज १२ व्होल्टवर आणते. १२ व्होल्टवर चालणाऱ्या दुसऱ्या कामांना ती चालते, पंखे तर कुठेही चालतात. इथे एक सूचना मात्र नीट ऐका. अशी पेटी स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या आत काही वेळ जोराचा झटका बसेल इतकी वीज साठून असते.

दुसरा भाग उष्णता. यंत्राने ओढलेली वीज शेवटी सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. अमेरिका, कॅनडासारख्या थंड देशांत लोकांनी जुनी एस-९ यंत्रं घर गरम करायला लावली. कर्कश पंखे काढून शांत पंखे बसवले. चेक देशातल्या ब्रेन्स या गटाने २०१८ मध्ये या यंत्रासाठी वेगळी आज्ञावली तयार करून खुली केली, त्यामुळे यंत्राचा वेग आणि वीज कमी करता येऊ लागली. काहींनी खोलीचा गारवा पाहून यंत्र चालू-बंद करणारे छोटे कंट्रोलर घरीच जोडले. नेदरलँड्समध्ये २०२२ साली गॅस महागला, तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमजवळ ट्युलिप फुलांच्या एका हरितगृहात मायनिंग यंत्रांच्या ऊबेचा वापर झाला.

तिसरा भाग कंट्रोलर. सगळ्यात मोलाची वस्तू इथेच निघाली. एस-९ च्या कंट्रोलरवर झायलिंक्स कंपनीची झिंक नावाची चिप आहे. ती झाळलेला सोऱ्या नाही, तिची चकती बदलता येते. शिकाऊ मुलांसाठी अशा चिपचे नवे बोर्ड बरेच महाग मिळतात. इकडे एबिट नावाच्या दुसऱ्या मायनिंग यंत्राचे तशाच चिपचे कंट्रोलर चीनच्या जुन्या बाजारात अगदी किरकोळ किमतीला मिळू लागले. हौशी लोकांनी त्यावर मेमरी कार्डची खाच झाळली, एखादा सुटा भाग इकडचा तिकडे केला आणि शिकायचं साधन तयार झालं. कसं केलं, ते लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं.

चौथा भाग त्या दळणाऱ्या चिपचा. त्यांना कंट्रोलर काय आज्ञा देतो, हे कंपनीने नीट सांगितलेलं नव्हतं. लोकांनी जुन्या पाट्यांवर चाललेलं बोलणं तपासून ती भाषा उलगडली. मग ‘बिटअ‍ॅक्स’ नावाचं हातात मावणारं यंत्र आलं. सुरुवातीच्या बिटअ‍ॅक्समध्ये जुन्या एस-१७ यंत्राच्या पाटीवरून काढलेली एकच चिप आणि सोबत ईएसपी-३२ नावाचा कंट्रोलर असायचा. हा कंट्रोलर आपल्याकडेही काही शे रुपयांत मिळतो आणि विजेचा पंप मोबाइलवरून चालू-बंद करायलाही वापरतात. बिटअ‍ॅक्सचा नकाशा खुला आहे, कुणीही ते बनवावं. पण त्यावर कमाई म्हणाल तर लॉटरीच्या तिकिटासारखी, बहुतेकांना काहीच मिळत नाही. ते शिकण्यासाठी आहे.

या चार भागांत कुठलं वाचलं? ज्याला दुसरं काम येत होतं ते. पंखा वाचला, वीजपेटी वाचली, कंट्रोलर वाचला. दळणाऱ्या चिपला मात्र दुसरं काहीच येत नाही. तिची ऊब घ्या, नाही तर तिच्यावर धडे गिरवा, याच्यापुढे उपयोग नाही. ग्राफिक्स कार्डांचं उदाहरण याच्या उलट. इथेरियम नावाच्या दुसऱ्या चलनाने १५ सप्टेंबर २०२२ ला दळणाची पद्धतच बंद केली. एका दिवसात जगभरच्या कार्डांचं ते काम गेलं. पण कार्डांना दुसरी कामं येत होती. ती जुन्या बाजारात गेली आणि कुणाच्या खेळाला, कुणाच्या व्हिडिओच्या कामाला, कुणाच्या अभ्यासाला लागली.

आता आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली एक गोष्ट सांगते. कारण मायनिंग हा शब्द आपल्याकडे यंत्राच्या आधी योजनेच्या रूपात आला. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत बिटकॉइन गुंतवा, मायनिंगमधून दरमहा १० टक्के, १८ महिने मिळतील, असं सांगितलं गेलं. लोक अडकले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी फसवणुकीच्या आरोपाखाली या योजनेच्या सूत्रधाराला अटक केली. पुढे हा तपास सीबीआयकडे गेला. आत्ताच आपण पाहिलं की खऱ्या यंत्राची कमाई दर पंधरवड्याला बदलते आणि उतरत जाते. मग ठरलेले १० टक्के दरमहा कुठून येणार? जुनं एस-९ कुणी स्वस्तात द्यायला आलं तरी हाच हिशोब मांडा. दिवसाला ३२ युनिट, ८ रुपयांनी धरले तर २५६ रुपये. त्याची कमाई आज याच्या जवळपाससुद्धा पोहोचत नाही.

आपल्या भागात एका गटाचं पॅकिंग मशीन वर्षभर चादरीखाली उभं आहे. मोटर चांगली, साचा चांगला, फक्त कार्ड जळालंय. ज्यांनी विकलं ते फोन उचलत नाहीत, आणि कार्डाचा नकाशा कुणाकडे नाही. हप्ते मात्र बायका भरताहेत. त्या हौशी लोकांनी जे केलं ते इथेही होऊ शकतं. मोटर चालू-बंद करणं आणि ठरलेल्या वेळी पाकीट चिकटवणं एवढंच काम त्या कार्डाला आहे. जवळच्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना दाखवून पर्यायी कंट्रोलर बसवता येईल का, हे विचारायला आम्ही सुरुवात केली आहे.

हे काम बायकांना जमेल का, असं कुणी विचारलं तर राजस्थानच्या डुंगरपूरचं नाव सांगा. तिथे आयआयटी मुंबईच्या मदतीने बचत गटांतल्या आदिवासी बायका सौर दिव्यांची सर्किटं जोडायला शिकल्या आणि त्यांनी ‘दुर्गा एनर्जी’ नावाची स्वतःची कंपनी उभी केली.

तेव्हा पुढच्या वेळी यंत्र घ्यायचा ठराव लिहाल, त्यात चार प्रश्न घाला. कार्ड बाजारात सुटं मिळतं का? त्याचा नकाशा विकणारा लेखी देतो का? दुरुस्ती तालुक्याला होते का? आणि हे काम बंद पडलं तर यंत्राचा कोणता भाग दुसऱ्या कामाला येईल? उत्तरं वहीत लिहून घ्या, विकणाऱ्याची सही घ्या. आणि एखादी वस्तू खरंच संपली तर ती चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नका. जळणाऱ्या तारांचा आणि पाट्यांचा धूर विषारी असतो. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. नोंदणी असलेल्या केंद्राकडेच तो द्या, त्यासाठी ग्रामपंचायतीत विचारा.

तुमच्या गटातही असं एखादं यंत्र चादरीखाली असेल, तर त्याचं नाव आणि काय बिघडलंय ते आम्हाला कळवा. आपण यादी करू आणि एकत्रच दुरुस्तीला नेऊ.