चेक कुणाच्या नावावर?

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, आर्कान्सा राज्यातल्या पॉइन्सेट काउंटीतली. काउंटी म्हणजे जिल्हाच समजा, पण आपल्यापेक्षा बराच लहान. सगळा कापसाचा मुलूख.

१९३२ मध्ये कापूस पौंडाला सहा सेंटच्या आसपास आला होता. मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कायदा केला. माल जास्त झाला म्हणून भाव पडलाय, तर माल कमी करा; जो कमी पिकवेल त्याला सरकार पैसे देईल. पण तोवर कपाशी उगवून वर आली होती! मग काय, सुमारे एक कोटी एकरांवरचं उभं पीक नांगरून टाकलं. खेचरांना आयुष्यभर शिकवलेलं की पिकाच्या ओळीवर पाय द्यायचा नाही. ती तुडवायला तयारच होईनात, असं तेव्हाचे लोक सांगायचे. मला ती खेचरं फार शहाणी वाटतात.

आता मुद्द्याचं सांगते. तिथली जमीन मळेवाल्यांची होती आणि कसायचे वाटेकरी, काळे आणि गोरे दोन्ही. घर मालकाचं, उधारी मालकाच्या दुकानात. १९३४-३५ च्या करारात मालकाला पौंडामागे चार सेंट आणि वाटेकऱ्याला अर्धा सेंट. करार सरकार आणि मालकाचा, मोठी रक्कम मालकाच्या हातात, आणि गावपातळीवर हिशेब बघणाऱ्या समित्यांवर वजन मळेवाल्यांचंच. आपल्याकडे पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीन नावावर असणाऱ्याला मिळतात, बटईने कसणाऱ्याला नाही. तेव्हा हे चित्र आपल्याला फार परकं नाही.

बरं, करारात सातवं कलम होतं. मालकाने कुळांची संख्या ‘शक्यतो’ तेवढीच ठेवावी आणि त्यांना घरात राहू द्यावं. उपद्रवी माणूस असेल तर सूट. त्या ‘शक्यतो’मधून सगळं निसटलं. लागवड कमी केली की माणसं कमी लागणार, आणि माणूस गेला तर त्याचा वाटाही द्यावा लागत नाही. टायरोन्झा गावाजवळच्या हायरम नॉरक्रॉसच्या मळ्यावरून वीसेक कुटुंबांना निघायला सांगितलं.

जुलै १९३४ मध्ये त्याच भागातल्या एका शाळेत अठरा माणसं जमली. अकरा गोरे, सात काळे. काळ्यांची वेगळी संघटना हवी की एकच? आयझॅक शॉ नावाच्या म्हाताऱ्या काळ्या वाटेकऱ्याने १९१९ चं एलेन पाहिलं होतं. तिथे काळ्या शेतमजुरांनी संघटना केली म्हणून त्यांची कत्तल झाली होती. वेगवेगळे राहिलो की एकेकाला चिरडतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. संघटना एकच झाली. तेव्हाच्या दक्षिणेत, जिथे नळाचं पाणीसुद्धा वेगळं होतं! मागे उभे होते गावचे दोन गोरे समाजवादी: ड्रायक्लीनिंगवाला एच. एल. मिचेल आणि पेट्रोल पंपवाला क्ले ईस्ट.

ते कोर्टात गेले आणि हरले. करारात कुळं पक्षकारच नाहीत, मग दाद कसली मागता? वॉशिंग्टनमध्ये शेती खात्याच्या कायदा विभागातल्या काही तरुण वकिलांनी सातव्या कलमाचा अर्थ लावला, की तीच माणसं ठेवायची, नुसती संख्या नाही. फेब्रुवारी १९३५ मध्ये विभागप्रमुख जेरोम फ्रँकसह त्यांतल्या अनेकांना नोकरीवरून काढलं. मंत्री हेन्री वॉलेस यांनी ते होऊ दिलं. संसदेत दक्षिणेच्या नेत्यांचा जोर होता, त्यांना दुखवून चाललं नसतं.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. पण वाटेकऱ्यांमुळे नाही! अनुदानासाठी कापड गिरण्यांसारख्या प्रक्रिया करणाऱ्यांकडून कर घेतला जायचा, त्या कराचा तो खटला होता. दोन महिन्यांच्या आत जमीन जपण्याच्या नावाने दुसरा कायदा आला आणि पैसे पुन्हा सुरू झाले. दक्षिणेतल्या अनेक मळेवाल्यांनी त्यातून ट्रॅक्टर घेतले, म्हणजे आणखी माणसं नकोशी झाली.

टायरोन्झात मिचेलचं दुकान आणि ईस्टचा पंप शेजारी शेजारी होते. त्या इमारतीत आता वाटेकऱ्यांच्या या संघटनेचं संग्रहालय आहे.